टेबल एकोणीस

विगोच्या बंदरातलं हे जुनं लिलावघर.
इथे तेवीस वर्षं मी मासळी निवडली.
आता फरशीवर गालिचा, भिंतींना पांढरा रंग,
तरी हवा दमट झाली की
फटीफटीतून बांगडा डोकं वर काढतो.
आयोजक म्हणाले, मेणबत्त्या लावू का?
दोरिंदा म्हणाली, लावा,
म्हणजे बांगडाच वारलाय असं वाटेल.

आज माझं काम सोपं:
पेले धुवायचे आणि पिकदाण्या ओतायच्या.
हो, पिकदाण्याच. चकचकीत, पोलादी.
इथे लोक वाइन तोंडात घेतात, गालात खेळवतात,
डोळे मिटतात देव आठवल्यासारखे
आणि पचकन थुंकतात.
माझ्या बापाला हे कळलं असतं
तर त्याने पिकदाणीपाशीच खुर्ची टाकली असती.

सदतीस टेबलं.
मागे उभ्या माणसांचे शर्ट नवे, इस्त्रीचे,
नखं मात्र अजून काळी.
ग्रेदोसच्या डोंगरातला एलादियो, बावीस वर्षांचा;
आजोबांनी सोडून दिलेल्या वेली झुडपांत शोधत फिरतो,
दर वाक्यात एकदा ग्रॅनाइट म्हणतो.
सिल नदीवरच्या दोघी बहिणी:
त्यांची चढण इतकी उभी
की द्राक्षांच्या पाट्या खाली होडीत उतरवाव्या लागतात.
थोरली बोलते. धाकटी नुसती ओतते,
आणि थोरलीने थाप मारली की भुवई उडवते.
लान्सारोतेचा आयोसे हाताने दाखवतो:
काळ्या राखेत खड्डा, खड्ड्यात एकच वेल,
आणि वाऱ्याला अडवायला दगडांची अर्धी कोर.

कोपनहेगनचा व्यापारी विचारतो, बाटल्या किती?
नऊशे.
फक्त?
रानडुकरांचा वाटा सोडून.

आमच्या लिलावात भाव वरून खाली यायचा.
पुकारणारा आकडे उतरवत जायचा,
आणि जो आधी ओरडेल त्याचा मासा.
गप्प राहायला छाती लागायची.
इथे उलटं. जो तो आपल्या आजोबांचं सांगतो,
आणि ऐकता ऐकता भाव चढतो.
मी कुणाला नावं ठेवत नाही.
माशाला आजोबा नसतात, एवढंच.

एकोणीस नंबरवर एकही बाटली नव्हती.
पांढरा कपडा, नावाची पाटी: फाउस्तिना, मांचुएला.
आणि एक बादली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
बोटभर जाड काड्यांची.
गेल्या एप्रिलात एका पहाटे दव गोठलं,
दुपारपर्यंत सगळे कोंब काळे.
मग आलीस कशाला, मी विचारलं.
टेबलाचे पैसे भरलेले. परत देत नव्हते.

लोक पेला पुढे करून यायचे,
रिकामं टेबल बघायचे,
आणि सुतकाच्या घरावरून जावं तसे
पाय न वाजवता पुढे सरकायचे.
जो थांबला त्याच्या हातात तिने काडी दिली.
ही बोबाल. तीन वर्षांनी चव सांगा.
व्यापाऱ्याने ती कोटाच्या खिशात खोचली,
पेनाशेजारी.
आयोसेने नुसती हुंगली, परत केली.
बेटावर नेता येत नाही. कायदा आहे.
ठाऊक आहे, ती म्हणाली. वास तर घेतलास.

रात्री पिकदाण्या एका पिंपात ओतल्या.
ग्रॅनाइट, राख, नदीची चढण, नऊशेतल्या किती कोण जाणे,
सगळं मिळून गढूळ जांभळं,
आणि ते मोरीकडे निघालं.
एकोणिसाची कोरडी होती.
मी तीही धुतली.

काडी माझ्या एप्रनच्या खिशात निघाली,
घरी जाईपर्यंत विसरलेच होते.
दोरिंदा म्हणते, गॅलरीत खारा वारा,
ही काही जगायची नाही.
असेल.
मी तेलाच्या डब्याला खिळ्याने
चार भोकं पाडली.
पाचवं पाडताना खिळा वाकला.